पाच इंचांची वेब्ली

जबलपूरच्या पोस्टिंगमधली ही गोष्ट आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. लिहायला दोन वर्षे टाळाटाळ केली. पण मागच्या लेखावर तीन-चार माजी सैनिकांनी विचारले की वडिलांची जुनी रिव्हॉल्व्हर घरी आहे, तिचे काय करावे. त्यांना उत्तर द्यायचे तर ही गोष्ट सांगावीच लागेल.

फेब्रुवारी 2020. मी तेव्हा वर्कशॉपात आर्मरर होतो, नायब सुभेदार. कॅन्टोन्मेंटच्या जुन्या बंगल्यांपैकी एकात एक निवृत्त कर्नल साहेब राहत. वय ऐंशीच्या पुढे, मूळचे पंजाबकडचे. डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायदा बदलला होता. आधी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता यायची, ती आता दोनच. वरचे हत्यार वर्षभरात जमा करायचे होते. साहेबांकडे तीन होती: शिकारीची दुनळी बंदूक, कानपूरची .32 रिव्हॉल्व्हर आणि वडिलांची .455 वेब्ली. कुठली सोडावी, यासाठी त्यांनी मला रविवारी चहाला बोलावले.

"साब, आप देखिए. आप कहेंगे वही जाएगी," ते म्हणाले. कर्नलने नायब सुभेदाराला इतक्या आदराने विचारले की माणूस जरा फुगतो. मीही फुगलो.

वेब्लीची थोडी ओळख करून देतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्लीची पहिली मार्क-1 रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने 1887 मध्ये स्वीकारली. पहिली मागणी 10,000 नगांची होती, नगाला 3 पौंड 1 शिलिंग 1 पेनी. बॅरल चार इंची. मग मार्क-2, 3, 4 असे करत 1913 च्या डिसेंबरात मार्क-5 आली. तिचा सिलिंडर किंचित जाड होता, कारण काळ्या दारूऐवजी नव्या नायट्रो दारूची काडतुसे वापरायची होती. बॅरल तीच, चार इंची. मे 1915 मध्ये मार्क-6 आली: मूठ चौकोनी, बॅरल सहा इंची, वजन सव्वा किलोला थोडे कमी. पहिल्या महायुद्धाच्या फोटोंत अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसते ती बहुधा हीच.

या रिव्हॉल्व्हर एका खटक्यावर मधून मोडतात आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम वर येतात. बिजागरी खाली पुढे. सिलिंडरच्या वरून जाणारी पोलादी पट्टी आणि बॅरल हा एकच घडीव तुकडा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्या दिवशी विसरलो होतो.

आता बॅरलच्या लांबीचे एवढे कौतुक कशासाठी? फौजेला लांबी एकसारखी हवी असते. होल्स्टर एकच, सुटे भाग एकच, नेमबाजीचे धडे एकच. पण त्या काळी ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल पदरच्या पैशाने घ्यायचा. सरकारची अट एवढीच की सरकारी काडतूस त्यात चालले पाहिजे. त्यामुळे दुकानात मागेल तशी लांबी मिळे. बिस्ले इथल्या नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारे वेब्लीची डब्ल्यू. जी. टार्गेट घेत, साडेसात इंची, कारण पुढची आणि मागची साइट जितकी दूर तितकी शिस्तीतली चूक लवकर दिसते. कोटाच्या खिशात ठेवणाऱ्यांना आखूड हवी असे. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. लंडनच्या ज्या स्टोअर्सची ती शाखा, त्यांचे शिक्के जुन्या वेब्लींवर सापडतात. आपल्या मुंबईकरांपैकी किती जण तिथून रोज जातात आणि वर मान करून पाहत नाहीत!

अमेरिकेत याच हौसेची कमाल झाली. 1935 मध्ये स्मिथ अँड वेसनने .357 मॅग्नम काढली, तेव्हा गिऱ्हाईक साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत पाव-पाव इंचाच्या फरकाने बॅरल मागू शके. त्यामुळे तिथले संग्राहक विचित्र लांबीच्या मागे वेडे असतात. आणि त्यामुळेच लबाडीही चालते. लांब बॅरल करवतीने कापायची, साइट पुन्हा बसवायची आणि "दुर्मिळ" म्हणून विकायची. म्हणून जाणकार आधी मझल पाहतो: कड कारखान्यात कातल्यासारखी गोल आहे की कानशीने घासलेली? मग फोरसाइट. कापलेल्या बॅरलवर ती नव्याने बसवावी लागते, आणि जोड लपवणे सोपे नसते.

हे सगळे मला तेव्हाही माहीत होते. म्हणून तर लाज वाटते.

साहेबांनी वेब्ली मऊ पिवळ्या फडक्यातून काढली. वडील 1930 च्या दशकात डेहराडूनच्या अकादमीतून अधिकारी झालेले, पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले. रेजिमेंट सोडून विलायतेला परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने जाताना ती त्यांच्या हातात ठेवली होती. फौजेत तोवर .38 ची एनफिल्ड आली होती, 1932 पासून, पण वडिलांना ही जुनीच आवडे. काडतुसे कधीच संपलेली. साहेबांनी स्वतः तिच्यातून एकही गोळी झाडली नव्हती, पण दर दिवाळीला फुलतरू आणि चिंदी घेऊन ती साफ करायचे.

मी ती मोडून बॅरल मोजली. पाच इंच. 127 मिलिमीटर.

माझ्या डोक्यात कोष्टक पक्के होते: मार्क-5 म्हणजे चार, मार्क-6 म्हणजे सहा. पाच कुठेच नाही. मग काय असणार? कुणीतरी मार्क-6 ची बॅरल आणून बसवली आणि इंचभर कापली. जुन्या वेब्लींना नंतर सहा इंची बॅरल बसवल्याचे मी ऐकून होतो, त्यामुळे गोष्ट जुळली. फोरसाइटला जोड दिसत नव्हता. मी काय म्हणालो असेन? "सर, कारागीर चांगला होता, जोड लपवलाय." नसलेल्या कारागिराची मी तारीफ केली.

साहेब म्हणाले, "मतलब पिताजी को किसी ने जुगाड़ पकड़ा दिया था?" मी हसलो. तेही हसले, पण फडके पुन्हा गुंडाळताना त्यांचा हात थोडा सावकाश चालला. .455 चे काडतूस मिळत नाही, तो बोअर सामान्य परवान्यावर येत नाही, मुलगी परदेशात. मी म्हणालो, जाऊ द्या हीच. दुनळी आणि कानपूरची ठेवा. पुढे लॉकडाऊन लागले आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी ती ठाण्यात जमा केली. हत्यार ठेवण्याचा हक्क संपला की ते पोलिसात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावेच लागते, कायदा तसाच आहे. त्यात कुणाचा दोष नाही.

2021 मध्ये माझी बदली कोलकात्याला झाली. संध्याकाळी वेळ असायचा आणि मला जुन्या शस्त्रांवरची पुस्तके चाळायची सवय. तिथे एका पानावर वाचले की मार्क-5 चार इंची म्हणून स्वीकारली गेली खरी, पण 1915 मध्ये बनलेल्या काही नगांना पाच आणि सहा इंची बॅरल होत्या. मार्क-6 यायच्या आधीचा तो मधला काळ. फौजेला लांब बॅरल हवी झाली होती, पण नवे मॉडेल अजून ठरत होते.

मी ट्रंकेतली जबलपूरची वही काढली. मला दिसेल ते हत्यार टिपून ठेवायची खोड आहे. पानावर माझ्याच अक्षरात होते: नंबर, "वरच्या पट्टीवर डावीकडे मार्क 5, 1915", "बॅरल 127 मिमी", "फोरसाइट जोड नाही", "मझल साफ".

वरची पट्टी. ती आणि बॅरल एकच तुकडा. पट्टीवर मार्क-5 कोरलेले असेल तर ती बॅरल मार्क-6 वरून आलेलीच नाही. आणि चार इंची बॅरल कापून कुणी पाच इंची करू शकत नाही. कापलीच असेल तर सहा इंची मार्क-5, म्हणजे तीही दुर्मिळच. साल, शिक्का, साइट, मझल, चारही गोष्टी मला एकच सांगत होत्या, मी त्या हाताने लिहूनही घेतल्या होत्या, आणि डोळे कोष्टकावर होते. रंगरूट असतो तर उस्तादाने मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दोन दिवसांनी ठाण्यात चौकशी केली. उत्तर आले की त्या खेपेची जमा हत्यारे नष्ट करण्याच्या यादीत गेली. संपले.

आपल्याकडे ही हानी जास्त बोचते याला कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. देशात आहेत तेवढ्याच जुन्या वेब्ली, एनफिल्ड, कोल्ट. कानपूरने त्यांच्याच वळणाची .32 बनवली, अलीकडे 2023 मध्ये प्रबल आली, 76 मिमी बॅरल, सिलिंडर बाजूला उघडणारा. चांगल्या आहेत. पण 1915 मधल्या त्या काही महिन्यांत फौज काय करून पाहत होती, हे कानपूरची रिव्हॉल्व्हर सांगणार नाही. इंग्लंडमध्येही 1997 पासून पिस्तुलांवर कडक बंदी आहे, पण इतिहासाचे महत्त्व असलेल्या नगांसाठी वेगळी तरतूद ठेवलेली आहे. इथे आपण लोखंड वाचवू शकलो नाही तरी निदान त्याची माहिती वाचवू शकतो.

तर ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी. हत्यार जमा करायच्या आधी ते रिकामे आहे याची दोनदा खात्री करा आणि चांगल्या उजेडात चारही बाजूंनी फोटो घ्या. रिव्हॉल्व्हरची बॅरल सिलिंडरपुढच्या टोकापासून मझलपर्यंत मोजतात, सिलिंडर धरून नव्हे. इथे खूप जण चुकतात. पिस्तुलाची मात्र चेंबर धरून मोजतात. प्रत्येक शिक्का लिहा, न समजणाराही. बाण आणि त्याखाली इंग्रजी आय असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण. परवान्याची झेरॉक्स ठेवा. साहेबांच्या परवान्यावर बोअर आणि नंबर होता, लांबीचा रकानाच नव्हता. आणि कुणा आर्मररला दाखवलेत, तर त्याने सांगितलेले ऐका, पण सही करण्याआधी आणखी एकाला दाखवा. मी हे स्वतःवरून सांगतोय.

साहेबांनी दुसऱ्या फोनवर रागावून काही म्हटले नाही. फक्त विचारले, "साब, वो कॉपी का पन्ना आपके पास है ना?" मी हो म्हणालो. "भेज दीजिए. पिताजी की एल्बम में लगाना है."

मी ते पान वहीतून कापून रजिस्टर पोस्टाने जबलपूरला पाठवले. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे.