वारीमागं राहिलेल्या माया

दिंडीच्या शंभर वर्षांत विणेकरी, चोपदार, टाळकरी यांची नावं निघतात. मागं लेकरं सांभाळणारीचं नाव कुणी घेत नाही, म्हणून हे चार शब्द.

मृगाची पेरणी उरकली की लिंबागणेशातून मायबाप पंढरीची वाट धरायचे. अंगावरचं लेकरू आई संगं न्यायची. कळतं पोर आजीकडं, चुलतीकडं, नाहीतर मामाच्या गावी. जाताना बाजरी, डाळ, मीठ ठेवून जायचे.

1972 चं साल दुष्काळी. आईबाप वारीला गेले, आम्ही पाच भावंडं चुलतीकडं. तिची स्वतःची तीन. भाकरी कमी पडली की ती म्हणायची, "मला आज एकादशी हाय." आठवड्यात तीन-तीन एकादशा! मोठेपणी उमगलं.

पुढं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कोयते निघायचे, तवाही पोरांपाशी तीच म्हातारी. तिला पंढरपूर कधी घडलंच नाही. आई वारीहून आली की बुक्का पहिल्यांदा तिला लावायची.

गंगाखेडच्या जनाबाईंनी दामाशेटींच्या घरी लहानग्या नामदेवरायांना सांभाळलं, असं आपण कीर्तनात सांगतो. मग आपल्या गावातल्या जनाबाई का विसरायच्या? त्यांनी घर धरलं, म्हणून दिंडी चालली. त्यांचीही वारी पांडुरंगाच्या दारी रुजू आहे.