पद्मिनी मोटारगाडी

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी कौटुंबिक मोटारगाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या या कंपनीने इटलीच्या फियाटच्या परवान्याने १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ काढली. पुढे तिला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नावे बदलली, गाडी फारशी बदलली नाही : १,०८९ घ. सेंमी. चे एंजिन व सुकाणूच्या दांड्यावरील गिअर तेच राहिले. परवाना पद्धतीमुळे ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत असे. साहजिकच सुधारणेची निकड कारखान्याला नव्हती. १९८३ मध्ये मारुती आल्यावर ती भासली. डीझेल एंजिन १९९० नंतर, म्हणजे उशिराच आले. शतकाच्या अखेरीस उत्पादन थांबले. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मात्र ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.