चकचकीत कंदील आणि पुसलेला इतिहास

जुन्या बाजारात हमखास एक पितळी कंदील चकाकत असतो. “ब्रिटिशकालीन आहे, साहेब,” असं दुकानदार सांगतो. आता हे खरं की खोटं, कसं ठरवायचं?

पहिली गोष्ट, पितळ म्हणजे जुना, हा समज सोडा. घरात, गोठ्यात, बैलगाडीखाली लटकणारे बहुतेक कंदील कल्हईच्या साध्या पत्र्याचे होते.

मग बाजूच्या दोन नळ्या बघा. अमेरिकेत जॉन आयर्विन यानं १८६० च्या दशकाच्या शेवटी नळ्यांचा कंदील केला. त्यात काचेतून वर आलेली गरम हवाच नळ्यांतून पुन्हा खाली ज्योतीकडे यायची. १८७३ मध्ये त्याचीच सुधारित रचना आली. तिच्यात धूर मधल्या धुराड्यातून बाहेर जातो आणि नळ्या फक्त ताजी हवा घेतात. त्यामुळे उजेड बराच वाढला. आपल्याकडचे बहुतेक कंदील या दुसऱ्या प्रकारचे. पण ही रचना आजही बनते, म्हणजे एवढ्यावरून वय कळत नाही.

वय सांगतात ते शिक्के. टाकीवर, डोक्यावर, वातीच्या चावीवर ते शोधा. अमेरिकन ‘डीट्झ’वर कधीकधी पेटंटच्या तारखा असतात. त्यातली शेवटची तारीख म्हणजे कंदिलाचा जन्म नव्हे. कंदील त्यानंतर कधीतरी बनला, एवढंच. जर्मन ‘फॉयरहँड’वर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो १९४९ नंतरचा. मग ब्रिटिशकालीन कसला?

आणि इथंच खरी गोम आहे. पॉलिशवाला चाकावर घासतो, तेव्हा कल्हई जाते आणि पुसट अक्षरंही जातात. वर पितळी मुलामा चढला की कंदील निनावी होतो.

याचा सगळ्यात मोठा फटका आपल्या ‘प्रभाकर’ला बसतो. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांनी आधी काच केली, मग अख्खा कंदील. परदेशी कंदिलांशी टक्कर देणारा हा स्वदेशी माल महाराष्ट्रात घरोघरी होता. पण तो पत्र्याचा. म्हणून ‘डीट्झ’ दिवाणखान्यात जातो आणि ‘प्रभाकर’ भंगारात, किलोवर.

तेव्हा माळ्यावर एखादा सापडलाच, तर घासू नका. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा आणि आधी नाव वाचा. घासलेटचा वास राहू द्या. भेटू पुढच्या भागात.