चित्रपटांचे वाचनालय

शांतिनिकेतनच्या कलाभवनात सत्यजित राय चित्रकला शिकत होते, तेव्हा तेथील ग्रंथालयात त्यांच्या हाती चित्रपटकलेवरील काही ग्रंथ लागले. पॉल रोथा यांचा चित्रपटाचा इतिहास त्यांतलाच. परंतु ज्या कृतींचे गुणदोष रोथांनी विवेचिले होते, त्या पाहावयाच्या कोठे, हा प्रश्न काही ग्रंथालय सोडवू शकत नव्हते. १९४२ च्या अखेरीस राय कलकत्त्याला परतले. तेथील चित्रगृहांत अमेरिकन बोलपट विपुल होते. रशियन वा फ्रेंच कृतींचे दर्शन मात्र दुर्मिळ.

स्वातंत्र्य मिळून दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ५ ऑक्टोबर १९४७ रोजी राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. पहिला खेळ झाला तो आयझेनस्टाईनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’चा. सभासद मोजकेच. ग्रंथ वाचनालयातून घरी नेता येतो. चित्रपटाला यंत्र लागते, पडदा लागतो आणि मुख्य म्हणजे अंधारी खोली लागते. ती मिळणे सोपे नव्हते. चित्रपटवाल्यांच्या वर्दळीने घराचे पावित्र्य भंगते, असे म्हणून एका घरमालकाने या मंडळींना बाहेरची वाट दाखविली. आपण चित्रपट काढणारे नसून केवळ पाहणारे आहोत, हे त्यांनी त्याला कसे पटवावे!

पुढे मात्र त्या घरमालकाचा संशयच खरा ठरला. १९४९ साली ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटाची स्थळे शोधण्यासाठी बंगालमध्ये आले, आणि राय त्यांच्यासमवेत खेडोपाडी हिंडले. १९५० मध्ये नोकरीनिमित्त लंडनला गेले असता त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांतील ‘बायसिकल थीव्ह्ज’ने त्यांना धीर दिला: धंदेवाईक नटांवाचून, उघड्या रस्त्यांवरही चित्रपट घडू शकतो. २६ ऑगस्ट १९५५ रोजी ‘पथेर पांचाली’ कलकत्त्यात प्रदर्शित झाला. त्याचे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त हेही सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींपैकीच होते.

याची किंमत सोसायटीने मोजली. पाहणारेच निर्मितीत गुंतले, तेव्हा खेळ कोणी लावावयाचे? काही काळ तिचे काम थंडावले. १९५६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९५९ साली देशातील अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ग्रंथ जपावेत तशी तेथे रिळे जपली जाऊ लागली, आणि पुढे गावोगावच्या चित्रपट मंडळांना ती खेळांसाठी उसनी मिळू लागली. १९६८ साली मुंबईत निघालेले प्रभात चित्र मंडळ हे त्यांपैकीच एक.