मॉर्गनचं कर्ज आणि विल्सनचं युद्ध

अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात का उतरली, या वादात "सावकारांनी उतरवली" असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. माझं सगळं नोकरीचं आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलं. पैसे बुडू नयेत म्हणून माणसं काय काय करतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

आरोप हवेतला नाही. जे. पी. मॉर्गनची पेढी जानेवारी १९१५ पासून अमेरिकेत ब्रिटनसाठी खरेदी करत होती. लढणाऱ्या देशांना कर्ज देणं तटस्थतेला धरून नाही, असं परराष्ट्रमंत्री ब्रायन ऑगस्ट १९१४ मध्येच बजावून बसले होते. जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवल्यावर जर्मनीला पाठवायच्या दुसऱ्या खलित्यावर सही करायला नको म्हणून त्यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. चारच महिन्यांत ब्रिटन आणि फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. अमेरिका युद्धात उतरेपर्यंत दोस्तांना गेले सुमारे २३० कोटी, जर्मनीला जेमतेम २ कोटी ७० लाख. सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने १९३६ मध्ये खुद्द धाकट्या मॉर्गनला साक्षीला बसवलं, तेव्हा मंदीत होरपळलेल्या अमेरिकेला निकाल आधीच ठाऊक होता.

पण खातेवही पुढे वाचायला हवी. ते ५० कोटी विनातारण होते; १९१६ सालची ब्रिटनची मोठी कर्जं मात्र शेअर आणि रोखे तारण घेऊन दिलेली होती. तारण हातात असलेला सावकार कर्जदारासाठी बंदूक उचलत नाही. त्याहून बोलका पुरावा नोव्हेंबर १९१६ चा. परदेशी सरकारांच्या विनातारण हुंड्यांत पैसे गुंतवताना जपा, असा इशारा फेडरल रिझर्व्ह बोर्डाने जाहीरपणे दिला. मसुदा राष्ट्राध्यक्ष विल्सनने पाहिला होता आणि तो आणखी कडक करा, असं त्यानेच सुचवलं होतं. लंडनच्या तिजोरीची तारांबळ उडाली. सावकारांचा बाहुला ऐन अडचणीत नळ आवळेल?

माझ्या मते निर्णय वॉल स्ट्रीटवर झालाच नाही. तो झाला ९ जानेवारी १९१७ रोजी, सायलेशियातल्या प्लेसच्या किल्ल्यात, कैसरसमोर. अ‍ॅडमिरल होल्ट्सेनडॉर्फचा हिशेब असा होता: पाणबुड्यांनी महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली की पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. अमेरिका चवताळेल हेही त्यात धरलं होतं, पण ती पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असेल. चॅन्सेलर बेथमान-होल्वेगला हे पटत नव्हतं. तरी त्याने मान तुकवली. हवा तो आकडा आधी ठरवून मागाहून बेरीज जुळवलेले प्रकल्प-अहवाल माझ्या टेबलावर पुष्कळ आले, हा त्याच जातीचा. बर्लिनने काही महिने कळ काढली असती, तर ब्रिटनला डॉलर कुठून मिळाले असते, हा प्रश्न मला अजून छळतो.

१ फेब्रुवारीला मोकाट पाणबुडीयुद्ध सुरू झालं. विल्सनने राजनैतिक संबंध तोडले, पण युद्ध पुकारलं नाही. मग जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार छापून आली: मेक्सिकोने जर्मनीला साथ दिली तर टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना परत. तार बनावट असल्याचं अनेकजण म्हणत होते, तोवर ३ मार्चला झिमरमननेच ती आपली असल्याचं कबूल केलं! मार्चच्या मध्यावर तीन अमेरिकी जहाजं बुडाली, तेव्हा कुठे गाडी हलली. युद्धाचा ठराव सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला.

सावकारांना मी निर्दोष सोडत नाही. अमेरिकेची दोस्तांना होणारी निर्यात दोन वर्षांत जवळपास चौपट झाली होती. तो माल समुद्रावर नसता, तर पाणबुड्यांना अमेरिकी जहाजांची फिकीर करायचं कारणच नव्हतं. बंदुकीचा चाप मात्र दुसऱ्याच्या हातात होता.

नायवाल्यांनी त्यावर कायद्याने बंदोबस्त केला: १९३५ मध्ये लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायला बंदी, १९३६ मध्ये कर्जाला. पण मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने उसनवारीचा कायदा आणला आणि एकही कर्जरोखा न लिहिता ब्रिटनला विमानं, रणगाडे, धान्य पाठवायला सुरुवात केली.