आइन्स्टाइन–कार्टान सिद्धान्त

आइन्स्टाइन–कार्टान सिद्धान्त : गुरुत्वाकर्षणाचा अभिजात सिद्धान्त. व्यापक सापेक्षतेत वस्तुमान व ऊर्जेमुळे अवकाशकाल वक्र होतो; येथे त्याला पीळही पडतो, आणि तो पाडतो पदार्थाचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाचा अंगभूत कोनीय संवेग. पीळ पडलेल्या अवकाशकालात अतिसूक्ष्म समांतरभुज चौकोन आखू गेल्यास तो मिटत नाही. उरलेली फट हेच पिळाचे माप.

गणितज्ञ एली कार्टान यांनी पिळाची कल्पना १९२२ मध्ये मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा स्पिन कोणाला ठाऊकही नव्हता. तो १९२५ मध्ये आला. दोहोंची सांगड पक्की केली ती टॉम किबल आणि डेनिस स्किआमा या भौतिकशास्त्रज्ञांनी, १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत.

सिद्धान्ताचा कणा एकच : पिळाचे समीकरण निव्वळ बैजिक आहे. स्पिन असेल तिथेच पीळ. रिकाम्या अवकाशात तो पसरत नाही. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात होणारी लायगो-इंडिया वेधशाळा (४ किमी लांबीच्या दोन भुजा, केंद्रीय मंजुरी एप्रिल २०२३) गुरुत्वीय तरंग टिपेल, हा पीळ मात्र थेट टिपू शकणार नाही. ‘टॉर्शन फील्ड’च्या (पीळ-क्षेत्राच्या) नावाने दूरवरून उपचार करण्याचे दावेही याच मुद्द्यावर कोसळतात, या सिद्धान्ताशी त्यांचे नावापुरतेच साम्य आहे.

परिणाम जाणवायला घनता अचाट लागते : इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत दर घन सेंटिमीटरला सुमारे १०चा ४७वा घात इतके ग्रॅम. अणुकेंद्रातील घनता १०च्या १४व्या घाताच्या आसपासच अडते. म्हणून प्रयोगांना व्यापक सापेक्षता आणि हा सिद्धान्त यांत निवड करता आलेली नाही. खरे आकर्षण विश्वाच्या आरंभापाशी आहे. काळात मागे मागे जात विश्व आकुंचताना पाहिले, तर स्पिनचा अपकर्षी परिणाम घनतेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अखेरीस गुरुत्वावर मात करतो. भौतिकशास्त्रज्ञ आंद्झेय ट्राउटमान यांनी १९७३ मध्ये दाखवले, की १०च्या ८०व्या घाताइतके न्यूट्रॉन असलेले प्रतिरूप-विश्व शून्यापर्यंत न जाता सुमारे १ सेंमी त्रिज्येला थांबेल. सगळे स्पिन एकाच दिशेला, हे त्यातले गृहीतक बरेच सढळ आहे.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एल. एन. कटकर यांनी या सिद्धान्ताच्या भूमितीवर काम केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तेजिंदर पाल सिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याला इलेक्ट्रॉनसारख्या स्पिनधारी कणांच्या डिरॅक समीकरणाची जोड देऊन ती समीकरणे न्यूमन–पेनरोझ या गणिती पद्धतीत मांडली.