घाटमाथ्यावरचे भूत आणि सात भाऊ

पाचाड म्हटले की जिजाऊंची समाधी आठवते आणि तिच्यामागे उभा राहिलेला रायगड. इथून महाड, पुढे पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. ही सगळी वाट जावळी आणि प्रतापगडाच्या इतिहासाने भारलेली आहे. त्या इतिहासात सिनेमाला जागा नाही, आणि असावी असे कोणी म्हणतही नाही. पण हिंदीतल्या कमी खर्चाच्या भयपटांचा धंदा उभा राहिला तो याच घाटाच्या माथ्यावर.

१९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ पडद्यावर आला. तो रामसे कुटुंबाने महाबळेश्वरला मुक्काम ठोकून काढला होता. साडेतीन लाख रुपयांचा खर्च आणि चाळीसेक दिवसांचे चित्रीकरण, असा हिशेब नंतर सगळीकडे सांगितला गेला. सेट उभारायला पैसा नव्हता, म्हणून विश्रामगृहालाच भुताचे घर केले. घाटमाथ्यावरचे धुके फुकट होते. युनिट म्हणजे जवळजवळ घरचीच माणसे. स्वयंपाकही घरच्या बायकांनीच सांभाळला.

या कुटुंबाची गोष्टही फिल्मी आहे. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी आडनावाचे ‘रामसे’ झाले आणि तेच कायम राहिले. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला दुकान थाटले आणि हळूहळू चित्रपटनिर्मितीत शिरले. १९७० सालचा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ सपशेल आपटला. मात्र त्यात मुखवटा चढवून चोरी करायला निघालेले पृथ्वीराज कपूर दिसताच थिएटरात खळबळ उडे. तुलसी आणि श्याम या मुलांनी ते हेरले. लोकांना घाबरायला आवडते, तर घाबरवणाराच चित्रपट काढू, असे त्यांनी वडिलांच्या गळी उतरवले.

मग सात भावांनी कामे वाटून घेतली. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मिती, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शन. बाहेरच्या माणसाला पगार देण्याची वेळ कमी येई. चित्रपट बुडाला तरी घर बुडत नसे.

जुन्या वास्तू ही या धंद्याची दुसरी बचत. मुरुडच्या नवाबाचा समुद्राकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा रामसेंच्या एकाहून अधिक चित्रपटांत हवेली म्हणून दिसला. म्हणजे डोंगराकडे महाबळेश्वर आणि किनाऱ्याला मुरुड. पाचाड-महाडचा मुलूख या दोन भुताळी ठिकाणांच्या मधोमध.

अमेरिकेतही कमी पैशांतले भयपट असेच निघत होते. एक मुखवटाधारी खुनी, तरुण पोरांचा घोळका आणि एकामागून एक पडणारे बळी, असा स्लॅशर चित्रपटांचा ठरीव साचा. जॉन कार्पेंटरने १९७८ साली ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरमध्ये उरकला. खुन्यासाठी बाजारातून एक स्वस्त मुखवटा आणला, त्याला पांढरा रंग फासला आणि संगीत स्वतःच दिले. चणचणीतून आलेला तो निर्विकार पांढरा चेहरा पुढे या प्रकाराची ओळख बनला.

रामसेंचे सर्वांत मोठे यश १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’. सामरी हा राक्षस साकारला अजय (अनिरुद्ध) अग्रवाल या धिप्पाड अभियंत्याने. कलाकारांत ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकर ही मराठी मंडळीही होती. दोष शोधायला कष्ट पडत नाहीत. गंभीर प्रसंगात मधेच जगदीपचे ‘शोले’ विडंबन घुसते, नायक-नायिका ऐन संकटात गाणे म्हणतात, रात्र आहे की निळ्या काचेतून पाहिलेली दुपार हे कळत नाही. पुढे १९९४च्या ‘महाकाल’मध्ये तर ‘ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा पात्यांचा हातमोजा सरळ उचललेला आहे.

तरीही लोक गेले. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी नाक मुरडले, पण तालुक्याच्या गावची थिएटरे या चित्रपटांनी भरली. याचे एक कारण कोकणाच्या मातीत सापडते. नमन-खेळ्यात काळा वेश आणि मुखवटा घातलेला संकासुर पोरांच्या अंगावर धावून येतो. आत गावातलाच कोणीतरी आहे हे पोरांना पक्के ठाऊक असते, आणि तरी ती किंचाळत पळतात. मुखवट्याची शिवण दिसली म्हणून भीती उणावत नाही; भीतीला हसण्याची वाट मिळते. रामसेंच्या रबरी चेहऱ्यांनी तेच केले. खवीस, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हा खेळ कसा खेळायचा ते शिकवावे लागले नाही.

मराठीत हे सर्वांत नेमके ओळखले महेश कोठारे यांनी. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची. १९९३च्या ‘झपाटलेला’त तिचा तात्या विंचू झाला. बाहुला रामदास पाध्ये यांचा. वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची घराण्याची विद्या त्यामागे होती. दिलीप प्रभावळकरांची भूमिका आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी यांमुळे उसनी कल्पना पुरती मराठी झाली. इथे विनोद भीतीच्या आड येत नाही, तिच्याबरोबर चालतो. रामसेंना हे क्वचितच साधले.

१९९३ सालीच रामसेंचा ‘झी हॉरर शो’ घरोघरी पोहोचला आणि थिएटरातले भूत दिवाणखान्यात आले. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली.

या चित्रपटांना थोर म्हणण्याची गरज नाही. पण थोड्या पैशांत, घरच्या माणसांच्या बळावर आणि आपल्याच डोंगर-किनाऱ्याच्या आधाराने लाखोंना तिकीट काढायला लावणारी ही कारागिरी चित्रपट-इतिहासाचा भाग आहे. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अभिजात चित्रपटांइतक्याच काळजीने या चित्रपटांच्या प्रती आणि पोस्टर तिथे जपली जावीत. ज्यांच्या माळ्यावर किंवा बंद थिएटरच्या गोदामात जुनी पोस्टर पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत.